उसव्याची खोली

"गवंडी उद्या सकाळी येणार म्हणजे येणार," मास्तर म्हणाले. गळ्यातली टेप त्यांनी खसकन ओढून हातावर गुंडाळली.

"येऊ दे की. चहा पाजून परत पाठवीन," त्यांची बहीण, म्हणजे घरातली आत्या, म्हणाली. तिनं मानसुद्धा वर केली नाही. मांडीवरच्या जुन्या कोटाची बाही खांद्यापासून सोडवत आणली होती, आणि अशा वेळी तिच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. फरक इतकाच, की भिंत उलट उत्तर देत नाही.

झालं! सकाळी सकाळी पुन्हा सुरू. गेले कित्येक दिवस या घरात दुसरा विषयच नव्हता. एका अंगाला मास्तरांचं शिंपीकामाचं दुकान, दुसऱ्या अंगाला धाकट्या भावाचं, म्हणजे शेठचं, भंगाराचं आवार, आणि मधोमध ही चिंचोळी खोली. हिला दारं दोन. एक इकडे उघडतं, एक तिकडे. आजोबांच्या काळापासून हिला उसव्याची खोली म्हणतात.

आता उसव्या म्हणजे कोण, हे आजकालच्या पोरांना कुठून ठाऊक असणार! पूर्वी शिंप्याकडे कापणारा वेगळा, शिवणारा वेगळा आणि उसवणारा वेगळा. जुना कोट आला की उसव्या त्याचा टाका न् टाका सोडवायचा, कापडावर ओरखडा उमटू न देता. मग शिंपी तेच कापड उलटं करून नवा कोट शिवायचा. भंगारातही तसंच. मोडकं यंत्र आलं की त्यावर घण पडायच्या आधी उसव्या एकेक स्क्रू मोकळा करायचा, म्हणजे चांगले भाग चांगलेच राहायचे. आजोबांनी दोन्ही धंदे एका छपराखाली आणले ते या उसव्याच्या जिवावर, आणि तो उसव्या म्हणजे ते स्वतः. त्यांच्यामागे हे काम पोरीनं, म्हणजे आत्यानं, उचललं. पण पोरीला कुणी उसव्या म्हटलं नाही. ती आपली "मदतीला". पुढे लोक फाटके कोट टाकून द्यायला लागले, यंत्रं गॅसनं कापायला लागले, आणि तो शब्द फक्त खोलीच्या नावात तेवढा शिल्लक राहिला.

"हे बघ चिमटे," मास्तरांनी आवाज खाली आणला. बहिणीची बोटं चिमट्यासारखी चालतात म्हणून त्यांनी लहानपणी हे नाव ठेवलं होतं. जीभही तशीच चालते हे नंतर कळलं. "गिऱ्हाईक ट्रायल रूम कुठाय विचारतं. मी काय सांगू? पडद्याआड जा? एवढी भिंत पाडली की छान ट्रायल रूम होते."

"ट्रायल रूम?" शेठ दारातूनच ओरडला. "दादा, आवाराकडची भिंत पाडायचं ठरलंय. माझा काटा इथे बसणार आहे. उन्हापावसात किती दिवस वजनं करायची मी?"

"कुणी ठरवलं?"

"मी!"

"वा रे वा! घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, इथे वासेच आधी फिरले," थोरली म्हणाली. थोरली म्हणजे मास्तरांची बायको, आणि बोलली की नवऱ्याच्याच बाजूनं बोलणार. "वन्सं, तुम्ही तरी सांगा ना यांना. तुम्हाला आता आराम नको का? घरी बसा, टीव्ही बघा. कुणी काही म्हणणार आहे का?"

आत्यानं बाही अलगद बाजूला काढली आणि पहिल्यांदा मान वर केली.

"वहिनी, टीव्ही बिघडला तर तो उघडायला तरी मला बोलावशील ना?"

शेठची बायको, म्हणजे धाकटी, आवाराकडच्या दारात उभी होती. ती खुदकन हसली आणि नवऱ्यानं डोळे वटारल्यावर गप्प झाली. आतून ती आत्याच्याच बाजूची होती. या घरात आली तेव्हा तिला लोखंड आणि पितळ यांतला फरक कळत नव्हता. तो आत्यानं शिकवला होता, न रागावता. पण नवऱ्यासमोर हे बोलायची सोय नव्हती.

तेवढ्यात शेठचा फोन वाजला. तो बोलता बोलता फुलून आला. "हो हो, तयार आहे. सगळं तयार! या की संध्याकाळी." फोन ठेवून त्यानं टाळी वाजवली. "छापखानेवाले निघाले! यंत्राचा सांगाडा गाडीत चढवायचा आणि सुटे भाग हातात द्यायचे. ताई, लाल दोऱ्याचा डबा काढ बरं."

या घराचा एक नियम होता, आजोबांपासूनचा. उसवून ठेवलेल्या वस्तूच्या डब्याला लाल दोरा बांधला, की त्याला कुणी हात लावायचा नाही. हे परत जोडायचं आहे. दोरा नाही, तो माल वितळायला गेला तरी चालेल. नियम इतका पक्का, की घरात कुणी कुणाला काही विचारायचंच नाही. दोरा बघायचा आणि पुढे जायचं.

आत्या उठली. ते छपाईयंत्र तिनं कितीतरी दुपारी बसून सोडवलं होतं, गंज चढलेले आटे तेलात भिजवून, एकही दाता न मोडता. छापखानेवाले दुसरीकडे गेले नाहीत ते त्यामुळेच. तिनं कपाटाखालून डबा ओढला. डबा हलका लागला. आत काही नव्हतं. कडीला दोराही नव्हता.

"कुणी?" आत्या एवढंच म्हणाली.

धाकटीला सगळं आठवलं. परवा थोरली जाऊ आवारात आली होती. नाटकगृहाच्या नव्या पडद्याच्या तळाला भरायला वजनं हवी होती. मखमली पडदा खाली जड नसला की फडफडतो, म्हणून दुमडीत कप्पे करून त्यात लोखंडाचे, शिशाचे तुकडे शिवतात. धाकटीनं स्वतः टोपलं भरून दिलं होतं. आणि वर थोडं कमी पडलं म्हणून कपाटाखालचा हा डबा ओतला होता.

"वन्सं, दोरा नव्हता हो त्याला! आईशप्पथ नव्हता! असता तर मी हात लावला असता का?"

"म्हणजे ते सगळं पडद्यात गेलं?" शेठनं कपाळावर हात मारला. "पडदा टांगलाय तिकडे! आज पहिला खेळ आहे!"

"कापसात गुंडाळून शिवलेत मी," थोरली पुटपुटली. "वाजू नयेत म्हणून. आता कुठल्या कप्प्यात काय गेलं ते मला काय माहीत?"

मग जो गलका झाला तो काय सांगावा! शेठ धाकटीवर, धाकटी थोरलीवर, थोरली उलट धाकटीवर. मास्तर तेवढे गप्प. आणि गप्प बसलेला माणूस बोलला की भलतंच बोलतो.

"चिमटे, तूच दोरा बांधायला विसरली असशील," ते म्हणाले. "वय झालं आता. म्हणूनच म्हणतो, घरी बस."

आत्याचा चेहरा असा उतरला, की धाकटीला तिथेच रडू फुटलं. सबंध आयुष्यात ही बाई दोरा बांधायला कधी विसरली नव्हती. क्षणभर तिनं मास्तरांकडे बघितलं. मग कोपऱ्यातली पिशवी ओढली, त्यात बारीक कात्री, सुया, चिमटे, पाना भरला.

"ठीक आहे. भाग सापडले नाहीत, तर मी विसरले. उद्या गवंड्याला घमेली मी उचलून देईन. पण सापडले, तर ही खोली माझी, आणि पुन्हा कुणी ट्रायल रूमचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," शेठ म्हणाला. मास्तरांनी मान हलवली, पण कुणाच्या डोळ्याला डोळा दिला नाही.

*

नाटकगृहाच्या मॅनेजरला वाटलं, शिंपी मंडळी आपला पडदा बघून खूश व्हायला आली आहेत. त्यानं हसून स्वागत केलं. मग आत्यानं रंगमंचाच्या फळ्यांवर फतकल मारून पडद्याची दुमड मांडीवर घेतली आणि कात्री काढली, तेव्हा त्याचं हसू पळालं.

"अहो! अहो बाई! काय करताय? संध्याकाळी हाउसफुल्ल आहे माझं!"

"तोवर शिवून देते. तुम्ही जा, तिकिटं विका."

"मास्तर, तुम्ही तरी सांगा यांना!"

मास्तर काय सांगणार? पडदा त्यांचा, नाव त्यांचं. "कात्री लावू नकोस गं," ते हळूच म्हणाले. "मखमल आहे. एक चुकीचं भोक पडलं तर पहिल्या रांगेतून दिसेल."

"मला मखमल शिकवतोस?" आत्या म्हणाली. "बसा सगळे. एका ओळीत. बघताय काय, बसा! उलट्या बाजूनं दर चौथा टाका कापायचा. फक्त दोरा, कापड नाही. मग सुलट्या बाजूचा दोरा धरून ओढायचा, सबंध निघतो. शिवताना जुन्याच भोकांतून सुई घालायची. नवं एक जरी भोक पाडलंत, तर बोटं मोडीन."

आणि खरंच सगळे बसले! पडद्याच्या एका टोकाला थोरली, मग धाकटी, मग शेठ, मग मास्तर, आणि आत्या या सगळ्यांच्या पुढून मागून फिरत दुमड चाचपत चाललेली. बोटांनी कापड दाबायचं, आतला तुकडा फिरवून बघायचा. "हे लोखंड, सोडा. हे शिसं. हे... थांबा. हे माझं आहे. उसवा."

पहिला पितळी गुटका बाहेर आला तेव्हा धाकटीनं किंकाळीच फोडली. शेठनं त्याचा पटकन मुका घेतला. आतापर्यंत एकमेकांवर तुटून पडलेली माणसं आता चढाओढीनं दोरे ओढायला लागली. "माझ्याकडे दोन निघाले!" "तुमची सुई द्या, माझी मोडली!" "जाऊबाई, तुमचा टाका काय सुरेख आहे हो!" थोरलीनं अशी स्तुती धाकटीच्या तोंडून कधी ऐकली नव्हती, आणि तिला ती आवडली.

"ताई, हा दोरा काही निघेना," शेठ घामाघूम होऊन म्हणाला. त्याची जाडजूड बोटं घण धरायच्या कामाची.

"ओढू नकोस गाढवा. समजूत काढ त्याची. सैल सोड, मग ओढ. घे, निघाला ना?"

शेठ त्या लांबलचक दोऱ्याकडे बघत राहिला. रोज हे काम भिंतीपलीकडे चालायचं आणि त्यानं ते कधी नीट बघितलं नव्हतं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं पुढचा कप्पा घेतला.

मास्तरांचा मात्र हात चालेना. त्यांच्या समोर पडद्याच्या कडेला हातभर लाल शिवण होती, बाकीच्या शिवणीपेक्षा किंचित गडद. ती त्यांनीच घातली होती. वजनं भरायच्या आदल्या रात्री लाल दोरा संपला होता, दुकानं बंद होती, आणि मधल्या खोलीत कपाटाखाली एका डब्याच्या कडीला थोडा लाल दोरा गुंडाळलेला दिसला होता. तेव्हा त्यांना पडद्याशिवाय काही दिसत नव्हतं. नंतर आठवलं तेव्हा तोंड उघडवेना. आणि आज तर त्यांनी त्याहून वाईट केलं होतं, बहिणीवर ढकललं होतं. मास्तर इतकी वर्षं या धंद्यात होते, पण दाटून येऊन सुईचं भोक दिसेनासं होण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

"चिमटे," ते म्हणाले. "दोरा मी नेला."

सगळ्यांचे हात थांबले.

"ही बघ शिवण. तूच बांधला होतास. मी काढला."

"काय?" थोरली ताडकन उठली. नवऱ्याच्या बाजूनं बोलायची तिची आयुष्यभराची सवय एका क्षणात मोडली. "आणि वन्संना वय झालं म्हणालात? लाज कशी वाटली नाही हो तुम्हाला? मी त्या बिचाऱ्या धाकटीला शिव्या घातल्या सकाळपासून!"

"घाल, आता मला घाल," मास्तर म्हणाले.

आत्यानं त्या गडद शिवणीवरून बोट फिरवलं. राग तर आलाच होता, पण आत दुसरंच काही होतं. आपण विसरलो नव्हतो! वाटभर तिलाही धाकधूक वाटत आली होती, की खरंच विसरलो असू तर?

"मेल्या, माझा दोरा चोरून वर मलाच वेड्यात काढतोस! नंतर बघते तुला. आधी तो कप्पा उसव."

*

छापखानेवाले आवारात कुणी नाही म्हणून विचारत विचारत थेट नाटकगृहात आले. उंच, खांदे वाकलेले गृहस्थ. त्यांनी आधी रागावून बघितलं, मग काय चाललंय ते कळल्यावर चष्मा पुसला, जाडजूड बुटांसकट रंगमंचावर बसले आणि निघालेले भाग ओळीनं मांडायला लागले.

"हा गुटका आला. हा आला. ही जोडी आली. मोठं दातेरी चाक कुठाय? त्याच्याशिवाय यंत्र एक कागद ओढायचं नाही."

"येईल, येईल," आत्या म्हणाली.

बाहेर गर्दी जमायला लागली. पडद्याच्या पलीकडे खुर्च्यांचा खडखडाट, खोकले, पोरांची रडारड. मॅनेजर दर थोड्या वेळानं येऊन केस उपटायचा. पहिली घंटा झाली. काढलेल्या भागांच्या जागी वजनं हवी होती, तर शेठनं खिशातले नटबोल्ट भरले आणि धाकटीनं पिशवीतलं जुनं कुलूप काढून कोंबलं. दुसरी घंटा झाली. नट मंडळी बाजूला रंग लावून उभी, आणि त्यांचा राजा चक्क थोरलीला सुईत दोरा ओवून देत होता.

"सापडलं!" आत्या ओरडली. पडद्याच्या अगदी मधोमध, जिथे दुमड सगळ्यात जाड असते तिथे. "दाते लागताहेत बोटाला! कात्री दे!"

तिसरी घंटा.

"उठा!" मॅनेजर किंचाळला. "पडदा वर जाणार! उठा सगळे!"

बाकीचे उठून पळाले. आत्या उठली नाही. त्या कप्प्याची बाकी शिवण सुटली होती, शेवटचे तीन टाके उरले होते. पडदा वर जायला लागला. ती दुमड धरून गुडघ्यांवर आली. मग उभी राहिली. मग चवड्यांवर. दिव्यांचा झोत तिच्यावर पडला आणि भरलेलं नाटकगृह बघत राहिलं, की एक पांढऱ्या केसांची बाई पडद्याची दुमड तोंडाशी धरून लोंबकळते आहे आणि दातांनी दोरा तोडते आहे.

चाक सुटलं. धाडकन फळ्यांवर पडलं आणि घरंगळत प्रेक्षकांकडे निघालं. शेठनं आडवी उडी मारली आणि रंगमंचाच्या कडेला त्याच्यावर पालथा पडला.

नाटकगृह टाळ्यांनी दणाणून गेलं. लोकांना वाटलं, नाटक सुरू झालं.

"कोण आहे ही बाई?" मॅनेजर विंगेतून ओरडला. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "मला कुणीतरी सांगा, ही बाई कोण आहे?"

मास्तर विंगेत उभे होते. चारचौघांत आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पण ते दिव्यांच्या उजेडात आले, गळ्यात टेप तशीच, आणि प्रेक्षकांकडे तोंड करून म्हणाले, "आमच्या घरचा उसव्या आहे ती!"

त्या शब्दाचा अर्थ खाली बसलेल्यांपैकी कुणालाही कळला नसेल. तरी टाळ्या पुन्हा झाल्या. आत्या दिव्यांच्या झोतात उभी होती. या शब्दासाठी तिनं कितीतरी वर्षं वाट बघितली होती, आणि आता काय करायचं ते तिला सुचेना. तिनं पडद्याची कड डोळ्यांना लावली. मग मखमलीला डाग पडेल म्हणून पटकन सोडली आणि पदरानं डोळे पुसले.

*

नाटकगृहाच्या मागच्या पायऱ्यांवर सगळे दमून बसले होते. छापखानेवाले चाक कुशीत घेऊन गेले होते, जाताना आत्याला वाकून नमस्कार करून. आतून नाटकातली भांडणं ऐकू येत होती. पण सकाळच्या घरच्या भांडणापुढे ती काहीच नव्हती.

"खोली तुझी," मास्तर म्हणाले. "गवंड्याला आत्ताच फोन करतो, नको म्हणून सांगतो. कुणी पुन्हा विषय काढणार नाही."

"माझा काटा राहू दे पावसात," शेठ म्हणाला. "ताईची खोली ताईलाच."

दोघी जावा मान डोलवत होत्या. सकाळपासून हे ऐकायलाच आत्या आसुसली होती, आणि आता ऐकलं तर तिच्या डोळ्यांपुढे ती खोली आली. चिंचोळी. दोन दारं, दोन्ही लावलेली.

"नको," ती म्हणाली.

"नको? अगं, पैज जिंकलीस तू!"

"जिंकले, म्हणूनच सांगते. गवंड्याला येऊ दे. दोन्ही भिंती पाडायच्या."

"दोन्ही?" मास्तर आणि शेठ एकदम म्हणाले.

"दोन्ही. मी मधोमध बसणार. दादा, तू कापायला बसलास की मला दिसला पाहिजेस. आणि शेठ, तू घण उचललास की तूही."

"असं का पण?" धाकटीनं विचारलं.

आत्यानं दुखरी बोटं एकमेकांत गुंफली. बोलताना तिचा आवाज बारीक झाला, जो या घरात आजवर कुणी ऐकला नव्हता.

"आज पहिल्यांदा तुम्ही सगळ्यांनी मला काम करताना बघितलंत गं."

थोरलीनं पदर तोंडाला लावला. मास्तर आपल्या टेपेकडे बघत राहिले.

"मग टेबल मोठं लागेल, ताई," शेठ म्हणाला.

"मग आण की," आत्या म्हणाली.